आईचे नाव विकणे आहे

आमच्या गावात पावसाच्या आधी नदीला पाणी येतं. वर साताऱ्याच्या डोंगरात ढग रिकामे होत असतात आणि इकडे पलूसच्या बाजूला आमच्या रानातून अजून धूळ उडत असते. उसाची पानं करपलेली, विहिरीचा तळ उघडा, आणि अशात एके सकाळी कृष्णा चहाच्या रंगाची होऊन वाहायला लागते. तिचा वासही बदलतो. कालपर्यंत शेवाळाचा असतो, आज ओल्या मातीचा, आणि तीही आपल्या गावची नव्हे, कुठली तरी लांबची माती. आई घाटावर जाऊन बघून येते आणि मला शिरवळला फोन करते. मी तिथल्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवते. समोर रडणाऱ्या पोरांची रांग असते, आणि आईला एवढंच सांगायचं असतं, "सुनी, पाणी आलं बघ."

दोन वर्षांपासून त्याला एक शेपूट लागलंय. "पाणी आलं बघ. तिच्या खालनं आलेलं हाय." तिच्या म्हणजे आमच्या नावेच्या. नाव आता कोयना धरणाच्या वरच्या अंगाला, तापोळ्याच्या बाजूला पाण्यात असते. धरणाची दारं अजून उघडलेली नाहीत, हे अलीकडच्या ओढ्याओघळींचं पाणी असणार, असं मी एकदा सांगून बघितलं. "तुला काय कळतंय? तू मास्तरीण," असं उत्तर आलं. तेव्हापासून मी नुसतं "व्हय" म्हणते. यंदाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर नाव विकली तो सगळा उन्हाळा डोळ्यांपुढे आला.

आमचं निम्मं रान नदीपलीकडे आहे. वडील, म्हणजे आमचे आण्णा, फौजेत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. तेव्हा पल्याडचं रान कसायला नाव होती आणि नाव चालवायला आई. गावात दुसऱ्या कुठल्या बाईने वल्हं हातात धरल्याचं मला आठवत नाही. सकाळी भाकरी बांधायची, काष्टा घट्ट खोचायचा, दोर सोडायचा आणि एका पायाने काठाला रेटा देऊन दुसऱ्या पायावर नावेत यायचं. हे ती बोलता बोलता करायची. मी कितीदा प्रयत्न केला आणि कितीदा चिखलात बसले, ते तिने गावभर सांगितलेलं आहे.

जाताना नाव हलकी असायची. येताना म्हशींसाठी उसाच्या शेंड्यांचे, हिरव्या वाड्याचे भारे, आणि त्यांच्या मधल्या बेचक्यात मी. मी तळाच्या फळीला कान लावून निजायची. खालून पाणी गुळगुळ बोलत जायचं, डांबराचा वास यायचा, वाड्याचं पातं गालाला कापायचं आणि वर आईचं हुं-हुं सुरू असायचं. ते गाणं नव्हतं, दमाचं माप होतं. लोकांना वाटतं नाव पुरात उपयोगी. आई पुरात ती पाण्यात घालायचीच नाही. पाणी चढायला लागलं की दहा जणांना हाका मारून नाव वर ओढून घ्यायची, उलटी करायची आणि चिंचेला बांधून टाकायची. म्हणायची, "ते येगळं पाणी असतंय. त्याच्या वाटंला जायचं न्हाई."

आण्णा सुट्टीवर आले की तिला ऊत यायचा. सरहद्दीवर उभा राहणारा माणूस, पण सगळी नोकरी वाळूत आणि बर्फात झालेली. वाहत्या पाण्याची त्यांना भीती वाटायची. नावेत ते बरोबर मध्यभागी बसायचे, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरायचे आणि पलीकडच्या तीरावर नजर रोखायचे. "सावकाश. जल्दी काय न्हाई आपल्याला." आई तोंडावरची माशीही न हलवता नाव मुद्दाम थोडी धारेला लावायची. नाव हिंदकळायची. आण्णांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं आणि आई पदर तोंडात कोंबून हसायची. त्या दोघांचा संसार मला कुठे दिसला असेल तर तो त्या पाऊण फर्लांग पाण्यावर. घरात दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. ती "आवं" म्हणायची, ते "सुनीची आई". मी जन्मायच्या आधी काय म्हणायचे विचारलं, तर आई म्हणाली, "खाकरायचे."

सासरी आल्यावर तिचं नाव मिटलं ते मिटलंच. मोठ्यांना ती सून, लहानांना वहिनी, सगळ्या गावाला आक्का. रान आण्णांच्या नावावर, घर आण्णांच्या नावावर, फौजेतून येणारं पत्र आजोबांच्या नावावर. लग्नात घास भरवताना आण्णांनी एकदा तिचं नाव घेतलं म्हणतात, पण वाजंत्रीवाले इतक्या जोरात होते की तिला ऐकूच आलं नाही. हे ती हसत हसत सांगते, आणि आण्णा तेवढ्यात उठून म्हशीकडे जातात.

पुढे आण्णा रिटायर होऊन घरी आले, नदीवर पूल झाला. आईचा उजवा खांदा कामातून गेला आणि डॉक्टरांनी वल्ह्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नाव चिंचेखाली आली. पहिल्या वर्षी तिच्यावर उसाचं पाचट पसरलं, दुसऱ्या वर्षी कोंबड्या आत अंडी घालायला लागल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, अंडी चांगली मिळायची. आई मात्र चिंचेकडे पाठ करून धान्य निवडायला बसायची.

मग त्या वर्षी चैत्रात तिने कुंडलवरून शब्बीरमिस्त्रींना बोलावलं. नाव त्यांच्याच हातची. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून अख्ख्या नावेभोवती फिरला. बोटाच्या पेराने प्रत्येक फळी वाजवली आणि प्रत्येक आवाज डोळे मिटून ऐकला. माझ्या वर्गाची तोंडी परीक्षा मी इतक्या मनापासून कधी घेतली नसेल. शेवटी ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "आक्का, लाकूड जांभळाचं हाय, पाण्यात हाय तवर ऱ्हातंय. कोरडं ऱ्हायलं की आक्रसतंय. ह्यो पावसाळा बी हितंच काढला तर फळ्या उघडणार बघ. मग मी बी काय करू शकत न्हाई. चुलीत घाल."

आईने चहा टाकला. चहा झाल्यावर म्हणाली, "इकून टाकू. पर पाण्यात घालंल त्यालाच."

आता पूल झालेल्या गावात नाव घेणार कोण? मी उन्हाळ्याच्या सुट्टीला आले होते. म्हटलं, जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकते. आण्णा लगेच खुर्ची ओढून शेजारी बसले, कारण फॉर्म म्हटला की त्यांना फौज आठवते. नावेसाठी वेगळा रकाना नव्हता. 'इतर वाहने' यात टाकावी लागली आणि मग प्रश्न सुरू झाले. किती किलोमीटर चालली? आई म्हणाली, "रोज दोनदा पल्याड. कर की हिशेब, तू मास्तरीण न्हवं का?" इंधन कोणतं? "भाकरी." मी मुकाट्याने 'इतर' निवडलं. पहिला मालक की दुसरा? मालकाचे नाव? आण्णा म्हणाले, "लिही, हवालदार," आणि स्वतःचं नाव आडनावासकट सांगितलं. मी लिहिलं. आईने सुपातले खडे वेचले. त्या वेळी तिघांपैकी कुणालाच त्यात काही खटकलं नाही. निदान आम्हा दोघांना तरी.

फोटो काढले. आईला म्हटलं नावेजवळ उभी राहा, तर ती चिंचेमागे गेली. तरी एका फोटोत तिचा वल्ह्यावरचा हात आणि पदराचं टोक आलंच. मग सगळ्यात वर मथळा लिहिला आणि जाहिरात सोडून दिली.

इथे माझ्या धंद्याचं थोडं सांगायला हवं. जूनमध्ये मी पहिलीच्या प्रवेशाचे ढीगभर फॉर्म भरते. त्यात 'आईचे नाव' असा रकाना असतो. पोरांना विचारावं, आईचं नाव काय, तर निम्मी पोरं सांगतात, "आई." पुन्हा विचारलं की माझी कीव करून जरा मोठ्याने सांगतात, "आई!" मग मी दारातल्या बाईला विचारते, आणि तीही आधी मागे वळून बघते, दुसऱ्या कुणाला तर विचारलं नाही ना म्हणून. याद्या फोनवर करता करता माझ्या फोनला इतकी सवय लागली आहे की 'आई' लिहिलं की पुढचं तो स्वतःच लिहून मोकळा होतो.

मला लिहायचं होतं, 'आईची नाव विकणे आहे'. फोनने लिहिलं, 'आईचे नाव विकणे आहे'. आणि मी, मुलांच्या वह्यांतली वेलांटी न् मात्रा लाल करणारी बाई, ते वाचून बरोबर म्हणून पुढे गेले.

दोन दिवस निरोपांचा पाऊस पडला. एकाने विचारलं, आडनाव सोबत मिळेल का? दुसऱ्याला फोटोत मागे दिसणारी म्हैस हवी होती. कुणी नुसतंच 'लास्ट किती?' एका गृहस्थाने मातृऋणावर लांबलचक निबंध पाठवला आणि शेवटी माझे संस्कार काढले. तो वाचताना कुठे माझ्या लक्षात आलं. मी कपाळाला हात लावला, आईला सांगितलं आणि दुरुस्त करायला बसले. आईने कारण समजून घेतलं आणि पोट धरून हसली. "ऱ्हाऊ दे गं. कुणाच्या का नावानं, मान्सं फोन तर कराय लागल्यात."

माणसं यायलाही लागली. तासगावहून एक बागाईतदार आले. बेदाण्यासाठी द्राक्षं वाळत घालण्याआधी औषधाच्या पाण्यात बुडवावी लागतात, त्यासाठी त्यांना ऐसपैस लाकडी कुंड हवं होतं. माणूस अगदी सज्जन, येताना बेदाणे घेऊन आलेला. आईने त्यांना चहा दिला, बेदाणे ठेवून घेतले आणि सांगितलं, "ही बुडवायसाठी न्हाई केल्याली. तरंगायसाठी केलीया." दुसरे एक हायवेवरच्या मंगल कार्यालयाचे मालक. पांढरे बूट घालून ते नावेच्या काठावरच उभे राहिले आणि म्हणाले की हिला आतून रंग मारून, दिवे लावून ते लग्नाच्या जेवणात मांडणार. "काय मांडनार?" आईने विचारलं. "सॅलड, आजी. एका बाजूला काकडी, एका बाजूला गाजर. वल्ह्याजवळ लिंबू." म्हणाल ती किंमत द्यायला तयार होते ते. आण्णांनी तर त्यांचा हात हातात घेतलासुद्धा.

ते गेल्यावर घरात जुंपली. आण्णा म्हणाले, "सावलीत ऱ्हाईल, रंग मिळंल, लोकं फोटू काढतील. रिटायर झाल्यावर मानसाला दुसरं काय पायजे?" आई म्हणाली, "तुमाला पायजे आसंल." मग जरा वेळाने, भिंतीकडे बघून, "लाकडाला न्हाई." तिच्या आवाजात काय होतं ते मला लगेच कळलं आणि मी काही बोलले नाही याचं मला आजही वाईट वाटतं. मलाही मनातून वाटत होतं की काकडी तर काकडी, हे प्रकरण मिटू दे. माझी सुट्टी संपत आली होती. सकाळी सकाळी आई नावेत घागरी ओतायची, फळ्या भिजत ठेवायला, तेही दुखऱ्या हाताने. सांध्यासांध्यांतून ते पाणी झिरपून जायचं आणि कोंबड्या खाली येऊन प्यायच्या.

मृगाच्या आधी चार दिवस संतोष आला. साताऱ्याच्या पलीकडून, धरणाच्या मागच्या पाण्याकाठच्या गावातून, एसटी बदलत बदलत. वय चाळिशीचं, अंगात धुवट सदरा. त्याला जाहिरात कुणीतरी चेष्टा म्हणून पाठवली होती. 'बघा लोक काय काय विकतात' असं वर लिहून. सगळे हसले, हा खालचा फोटो बघत बसला. त्याचं घर पाण्याच्या एका बाजूला, रस्ता दुसऱ्या बाजूला. "लाँच येती, पर तिच्या येळंला. आमच्या म्हशी लाँचच्या येळंला दूध देत न्हाईत," तो म्हणाला.

आई म्हणाली, "बसून बघा नावंत."

कोरड्या अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध, नावेत काय बसायचं? पण त्याला ते विचित्र वाटलं नाही. त्याने चपला काढल्या. काठावर पाय दिला नाही; आधी हात टेकवला, तो कपाळाला लावला, मग पाय थेट मधल्या फळीवर ठेवून वाकूनच आत गेला आणि मागच्या टोकाला बसला. बसल्या बसल्या त्याने सहज मान वळवून मागे बघितलं, दोर सुटलाय ना म्हणून. मागे चिंच होती. आईने माझ्याकडे बघितलं. मला अजून काही कळलं नव्हतं, पण तिचं सगळं बोलणं तिथेच झालेलं होतं.

आणि आण्णा! त्यांना काय वाटलं कोण जाणे, "मी बी एकदा बसतो," म्हणाले आणि चढले. बरोबर मध्यभागी बसले आणि दोन्ही हातांनी दोन्ही काठ गच्च धरले. खाली कोरडी ठाक जमीन. आईने पदर तोंडात कोंबला.

टेम्पो आला त्या दिवशी तिने नावेला हळद-कुंकू लावलं, तांब्याभर कृष्णेचं पाणी तळाच्या फळीवर ओतलं आणि वल्हं स्वतःच्या हाताने संतोषच्या हातात दिलं. "धारंला लावायची असली तर उजवीकडं वडती, जरा लक्ष ठिवा," म्हणाली, सासरी जाणाऱ्या मुलीची खोड सांगावी तसं. टेम्पो वळल्यावर ती घरात गेली. चिंचेखाली नावेच्या आकाराची पांढरट जमीन राहिली होती, तिच्याकडे मीच बघत बसले. मला रडू आलं. आईला आलं की नाही माहीत नाही. तिने त्या दिवशी स्वयंपाकात मीठ दोनदा घातलं.

हे सगळं आठवताना एक गोष्ट नेहमी वाटते. इकडचं पाणी तिकडून येतं, खाली खाली. नाव मात्र उलटी गेली, हायवेने, कराड, सातारा करत, पाणी जिथून निघतं तिथे. आईला हे भारी आवडलेलं आहे. आयुष्यभर घाटावर उभं राहून जे पाणी येताना बघितलं, त्याच्या माहेरी तिचं काहीतरी पोचलं.

आषाढात एका दुपारी मधल्या सुट्टीत संतोषचा फोन आला. फळ्या फुगून बसल्या, आता थेंब येत नाही, हे सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, आमच्याकडं समद्यांच्या नावंवर नाव रंगवत्यात. आक्कांना इचारलं तर म्हनाल्या, नावंला कसलं नाव, नाव म्हंजे नावच. तुमच्या देवाचं घाला म्हनं." मग जरा थांबला. "पर तुमी जाहिरातीत लिव्हलं हुतं की. आईचं नाव इकनं हाय म्हनून. मी तर ते बी घेतलंय. फकस्त ते काय हाय तेवढं सांगा."

मी सांगितलं. वर्गाच्या दारात उभी राहून, मोठ्याने सांगितलं. पहिलीची पोरं बघायला लागली.

पुढच्या रविवारी मी गावी होते. आई आत भाकरी थापत होती. आण्णांच्या फोनवर फोटो आला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला. हिरव्या डोंगराखाली भरलेलं पाणी, त्यावर आमची नाव, निळा रंग दिलेली, आणि पुढच्या फळीवर पांढरी अक्षरं. आण्णांना काहीही वाचायचं झालं की फौजेतल्या हजेरीसारखं खणखणीत वाचायची सवय आहे. त्यांनी वाचलं,

"शालन!"

आतली भाकरीची थाप थांबली. "आले," आई म्हणाली, आणि पिठाच्या हातांनी तशीच दारात आली. आण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काय वं? कुनी हाक मारली?"

आण्णा कानापर्यंत लाल. "न्हाई, कुनी न्हाई. ते नावंवरलं नाव वाचत हुतो."

आई चौकटीला टेकली. हाताचं पीठ पदराला लागतंय याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मग वाचा की परत," ती म्हणाली.